युद्धाची शिल्लक

युद्ध संपलें म्हणजे इतिहासकाराची दृष्टि साहजिकच तहनाम्यांकडे, सीमारेषांकडे आणि मृतांच्या संख्येकडे वळते. सैन्य परत गेल्यावर तळावर जें सामान पडून राहतें, त्याची विल्हेवाट लावण्याचें काम कारकुनांवर सोपविलें जातें. वस्तुतः विजेत्यांनीं आंखलेल्या कित्येक सीमा पुढें पुसल्या गेल्या. त्यांनीं मागें टाकलेल्या कांहीं गाड्यांचा वंश मात्र अद्यापि रस्त्यावर धांवत आहे. अशाच एका गाडीचा वृत्तान्त येथें सांगावयाचा आहे. कारण एखादी वस्तु कोणाची, हा जुना प्रश्न तिच्या निमित्तानें निराळ्या रूपांत पुढें उभा राहतो.

जीप ही गाडी आपल्या परिचयाची आहे. १९४० सालीं अमेरिकन सैन्याला चारही चाकांना इंजिनाचा जोर पोंचेल अशी हलकी गाडी हवी होती. पेन्सिल्व्हेनियांतील बॅन्टम नांवाच्या लहानशा कंपनीनें सुमारें सात आठवड्यांत तिचा पहिला नमुना उभा केला. परंतु एवढ्याशा कारखान्याकडून युद्धाची भूक भागण्यासारखी नव्हती. मोठें काम विलिस आणि फोर्ड यांच्याकडे गेलें, व युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. ज्या बॅन्टमनें गाडीस जन्म दिला, तिच्या वाट्यास त्याच गाडीमागें जोडावयाचे दुचाकी ट्रेलर बांधणें आलें. निर्मात्याचा हक्क किती अल्पजीवी असतो, याचा हा पहिला दाखला होय.

१९४५ च्या ऑगस्टांत जपाननें शस्त्रें खालीं ठेवलीं, तेव्हां पॅसिफिक महासागरांतील बेटांवर अमेरिकन सैन्याच्या गाड्या, ट्रेलर व अवजड यंत्रें ठिकठिकाणीं पसरलेलीं होतीं. हा माल स्वदेशीं परत नेणें म्हणजे दमडीच्या कोंबडीला रुपयाचा मसाला. शिवाय तो स्वस्तांत बाजारांत आला तर नव्या गाड्या कोण घेणार, ही तेथील कारखानदारांची धास्ती होतीच. तेव्हां माल जेथें असेल तेथेंच विकावा, हा मार्ग सोयीचा ठरला.

न्यू हेब्रिडीजमध्यें, म्हणजे आजच्या वानुआतूमध्यें, एस्पिरितु सांतो नांवाचें बेट आहे. तेथें तेव्हां इंग्रज व फ्रेंच यांचा संयुक्त अंमल होता. अमेरिकनांनीं आपलें सामान ह्या राज्यकर्त्यांना अल्प किंमतीस देऊं केलें. पण सैन्य निघून गेलें कीं सर्व फुकटच पदरीं पडेल, अशा हिशेबानें ते स्वस्थ बसले. सौदा फिसकटला, आणि अमेरिकनांनीं लुगनव्हिलजवळच्या किनाऱ्यावरून ट्रक, जीप, बुलडोझर असें सारें समुद्रांत लोटून दिलें. त्या जागेस पुढें मिलियन डॉलर पॉइंट असें नांव पडलें, आणि आज पाणबुडे हौसेनें तेथें तळाशीं गंजलेलीं चाकें पाहावयास जातात. बेटाच्या मूळ रहिवाशांना ह्या सौद्यांत स्थान नव्हतें. ज्यांना त्या वस्तूंची गरज असूं शकली असती, त्यांच्यापर्यंत त्या पोंचल्याच नाहींत.

आतां मनिलाकडे पाहावें. १९४५ च्या ३ फेब्रुवारीपासून ३ मार्चपर्यंत ह्या शहरांत जी लढाई झाली, तींत सुमारें एक लाख नागरिक मृत्युमुखीं पडले. ट्रामगाड्यांचे रूळ व कोठारें उद्ध्वस्त झालीं, व ती ट्राम पुन्हा कधींच सुरू झाली नाहीं. माणसांना कामावर तर गेलें पाहिजे, आणि वाहन तर नाहीं! अशा वेळीं अमेरिकन सैन्याच्या शिलकी जीपगाड्या तेथील लोकांच्या हातीं आल्या. कारागिरांनीं त्यांचा मागचा भाग लांबविला, समोरासमोर दोन लांब बांकें बसविलीं, वर छप्पर घातलें, आणि चौघांच्या लष्करी गाडीची भाडोत्री गाडी केली. तिला जीपनी म्हणूं लागले. १९५३ सालीं तिचा मोठा कारखाना काढणारे लेओनार्दो साराओ हे पूर्वी कालेसा, म्हणजे तिकडचा टांगा, हांकीत असत. पुष्कळ जीपनींच्या बॉनेटवर धातूचे लहान घोडे बसविलेले असतात. ती त्या टांग्याचीच आठवण. उतारूंनीं भाडें हातोहात पुढें पोंचवावें व चालकानें तसेंच मोड परत धाडावी, असा तेथील रिवाज आहे.

युद्धांतल्या जीपगाड्या सरल्यावर त्यांच्या जागीं जपानमधून आलेलीं जुनीं डिझेल इंजिनें बसूं लागलीं. मनिलाच्या दोन्ही शत्रुमित्रांची शिल्लक अशा रीतीनें एका सांगाड्यांत नांदूं लागली! आपल्याकडेही विलिसच्या धर्तीवर मुंबईच्या महिंद्र कंपनीनें जीपगाड्या बांधल्या, आणि तिच्याच वंशांतल्या गाड्या सातारा-कोल्हापूरकडे ‘वडाप’ म्हणून खेडुतांना बाजारीं नेऊं लागल्या. सैन्याच्या गाडीला संसारी करणें ही कांहीं एकट्या फिलिपिनो लोकांची कला नव्हे.

पण संसारांत वादही असतात. २०१७ सालीं फिलिपिन्स सरकारनें जुन्या जीपनी काढून नवीं वाहनें आणण्याची योजना जाहीर केली. सुट्या मालकांनीं सहकारी संस्थांत वा कंपन्यांत एकत्र यावें, अशी अट घातली, आणि वारंवार मुदतवाढ देत ३० एप्रिल २०२४ ही त्यासाठीं अखेरची तारीख ठरविली. नव्या गाडीची किंमत वीस लाख पेसोंच्या पुढें. बहुसंख्य चालक रोजचें ठरलेलें भाडें मालकास देऊन उरेल त्यावर पोट भरणारे. त्यांनीं संप केले, ह्यांत नवल नाहीं.

सरकारची बाजू अगदींच पोकळ नाहीं. जुन्या डिझेलचा धूर हा कोणाचा सांस्कृतिक ठेवा होऊं शकत नाहीं, आणि त्या धुरांत सर्वांत अधिक वेळ बसणारा मनुष्य स्वतः चालकच असतो. परंतु सरकारजवळ ट्राम उभारण्यास पैसा नव्हता, तेव्हां ह्याच लोकांनीं परक्यांच्या टाकाऊ लोखंडावर शहराची ये-जा चालू ठेवली. एस्पिरितु सांतोच्या राज्यकर्त्यांना मालकी म्हणजे पदरीं पडणारा माल वाटला. मनिलाच्या कारागिरांनीं ती श्रमानें मिळविली. गाडी बदलण्याची वेळ आली असेल तर ती अवश्य बदलावी. पण बदलाचा खर्च कोणीं सोसावा, हें ठरवितांना ह्या श्रमांची नोंद हिशेबांत धरली पाहिजे. नाहीं तर गाड्यांबरोबर माणसेंही शिलकी ठरतील.