बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी

भारतातील वन्यजीवांचा अभ्यास व संवर्धन यांना वाहिलेली मुंबईतील विद्वत्संस्था. स्थापना १५ सप्टेंबर १८८३. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. संस्थेचे शोधनियतकालिक १८८६ पासून निघते. १९११ मध्ये तिने भारतीय सस्तन प्राण्यांची व्यापक पाहणी हाती घेतली. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांच्या पुढाकाराने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा मागोवा घेण्याचे मोलाचे काम झाले. भरतपूर येथे गिधाडांची घट संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नोंदविली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध या घटीला कारणीभूत असल्याचे संशोधनातून सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पिंजोर (हरयाणा) येथे गिधाडांचे संवर्धन-प्रजनन केंद्र आहे. दीर्घकालीन क्षेत्रनोंदी व नमुनासंग्रह यांमुळे संवर्धनविषयक निर्णयांना शास्त्रीय पुराव्याचा आधार मिळतो.