एका कुळाचे दोन भुंगेरे

भुंगा म्हटला की आम्हा कवी मंडळींना कमळ आठवतं. ऊसवाल्याला आठवते ती हुमणी. हिरवागार ऊस पिवळा पडतो, ओढला की ठोंब अलगद हातात येतो आणि खाली मातीत पांढरी, वाकडी अळी सापडते. या हुमणीची एक चुलत बहीण ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडच्या उसात असते. अळी जमिनीखाली मुळं खाते, तिचा भुंगेरा झाडावर बसून पाला खातो. त्याच कुळातला दुसरा भुंगेरा म्हणजे मूळचा आफ्रिकेतला शेणकिडा. त्याचं अन्न शेण, आणि पोरांचा पाळणाही शेणाच्या पोखाली खणलेल्या बिळात. कूळ एक, चुली मात्र अगदी वेगळ्या.

उसातल्या भुंगेऱ्याचा काटा काढायला रेजिनाल्ड मंगोमेरी यांनी 1935 मध्ये हवाई बेटांवरून 102 भेक, म्हणजे मोठे विषारी बेडूक, आणले. ऑगस्टपर्यंत त्यांची सुमारे 2400 पिल्लं सोडली गेली. वॉल्टर फ्रॉगट या कीटकतज्ज्ञांनी विरोध केला. (आडनावातच इंग्रजी बेडूक, तरी विरोध!) काही काळ बंदी आली आणि 1936 मध्ये उठलीही. भुंगेरा वर झाडावर, अळी खाली मातीत, भेक मधे जमिनीवर. गाठ पडणार कशी? भेकांना खाऊन तिथले घोरपडीसारखे प्राणी मात्र मेले. 2009 मध्ये भेक पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचले.

शेणकिड्याची गोष्ट उलटी. गाई तिथं 1788 मध्ये आल्या. तिथल्या देशी शेणकिड्यांना कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांची सवय; गाईचं ओलं शेण महिनोन् महिने कुरणात पडून राही. त्यात माश्या. तोंडावरच्या माश्या हाकलणाऱ्या हाताला लोक गमतीनं 'ऑस्ट्रेलियन सलाम' म्हणू लागले. हंगेरीतून आलेल्या जॉर्ज बोर्नेमिसा यांनी हे पडून राहिलेलं शेण पाहिलं आणि नेमका विचारला तो किड्याच्या जेवणाचा प्रश्न. कुठला किडा कसलं शेण खातो, कुठल्या हवेत जगतो, हे तपासून पहिले किडे 1968 मध्ये सोडले गेले. रोग येऊ नयेत म्हणून परदेशी किड्यांची फक्त अंडी घ्यायची, फॉर्मॅलिननं धुवायची आणि हातानं वळलेल्या शेणाच्या गोळ्यांत ठेवायची. केवढी ही दाईगिरी! आणलेल्या चाळीसहून अधिक जातींपैकी सुमारे निम्म्या टिकल्या. काही भागांत माश्या कमी झाल्या, सगळ्या गेल्या नाहीत.

आणि उसातला भुंगेरा? पाऊस पडला की तो आजही मातीतून वर येतो, उडून झाडावर जाऊन बसतो. खाली भेक बसलेला असतो.