जार्डीन घराणे : तळटीप

१. विल्यम जार्डीन (१७८४–१८४३) : मूळचा स्कॉटलंडमधील लॉकमेबनचा, आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर वैद्य, पुढे व्यापारी. १८०५मध्ये फ्रेंचांनी पकडलेल्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर त्याची मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंशी गाठ पडली. पुढे जमशेटजींकडून माळव्याची अफू आणि कापूस मुंबईहून कॅन्टनला जार्डीनकडे जाऊ लागला, तो याच ओळखीच्या बळावर. जेम्स मॅथेसनबरोबरची पेढी १८३२ची. जार्डीन अविवाहित राहिल्याने ती भाचे-पुतण्यांकडे गेली. पुढे पेढी चालवणारे केस्विक घराणे भाचीकडचे. म्हणून वंशावळ लावताना एकाच आडनावावर विसंबून चालत नाही. पेढीची दप्तरे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तर जमशेटजींच्या पत्रवह्या मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. दोन्ही ताडून पाहावीत. — संपा.