'कास्ट' परदेशी असेल, जात कोणाची?

जात ही इंग्रजांची देणगी आहे, असे सांगणारी एक फौज गेल्या काही वर्षांत उभी राहिली आहे. त्यांचा आवडता पुरावा म्हणजे 'कास्ट' हा शब्द. तो संस्कृतात नाही, पालीत नाही, मराठीतही नव्हता. पोर्तुगीजांनी तो आणला आणि इंग्रजांनी जनगणनेत घातला. म्हणजे जातही त्यांनीच आणली! परदेशात, विशेषतः अमेरिकेत, हा युक्तिवाद मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो आणि आपली शिकलेली पोरेही कधीकधी त्यापुढे गप्प बसतात. म्हणून या शब्दाचाच इतिहास एकदा तपासू.

मुळात आपण ज्याला 'कास्ट' म्हणतो ते इंग्रजीत दोन शब्द आहेत. सिनेमाची कास्ट, मत कास्ट करणे, मोडलेल्या हाताचे प्लास्टर कास्ट, कास्ट आयर्न, ब्रॉडकास्ट हे सगळे एका कुळातले. त्यांचे मूळ उत्तर युरोपातल्या नॉर्स भाषेतल्या 'फेकणे' या अर्थाच्या क्रियापदात आहे. मत पेटीत टाकायचे, वितळलेले लोखंड साच्यात ओतायचे. ब्रॉडकास्ट म्हणजे तर मुळात शेतात बी फोकून पेरणे; रेडिओवाल्यांनी तो शब्द शेतकऱ्याकडून उचलला. जातीचा अर्थ असलेला कास्ट वेगळा. त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी 'ई' आहे, पण साधारण १८०० सालापर्यंत इंग्रज दोन्ही शब्द बहुतेक सारखेच लिहीत.

हा दुसरा शब्द पोर्तुगीज आणि स्पॅनिश 'कास्ता'वरून आला. कास्ता म्हणजे वंश, कूळ, बीज. घोड्याची कास्ता, माणसाची कास्ता. पोर्तुगालमध्ये द्राक्षाच्या वाणालाही कास्ता म्हणतात. आपण 'जातिवंत घोडा' म्हणतो, अगदी तसेच. कास्ताचे मूळ लॅटिनमधल्या 'शुद्ध' या अर्थाच्या शब्दात आहे, असे जुने मत. स्पॅनिश व्युत्पत्तीचे मोठे अभ्यासक जोआन कोरोमिनेस यांनी मात्र ते गॉथिक भाषेतल्या, प्राण्यांचा समूह किंवा पिलांचे वेत अशा अर्थाच्या शब्दाशी जोडले आणि त्याचे नाते 'फेकणे'वाल्या कास्टच्या कुळाशी लावले. वाद मिटलेला नाही. पण दोन्ही मतांत गोष्ट जन्माची आणि पैदाशीचीच आहे. आपल्या 'जाती'चा धातूही 'जन्', जन्म घेणे.

पोर्तुगीजांना हा शब्द इथे वापरावासा का वाटला? कारण रक्ताच्या शुद्धतेचे वेड त्यांच्या घरीही होते. स्पेनमधल्या टोलेडो शहरात १४४९ साली नियम झाला की, ज्यू वंशाच्या माणसाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तरी त्याला अधिकारपदे मिळणार नाहीत. धर्म बदलला तरी रक्त बदलत नाही, असा त्याचा अर्थ. ही भाषा आपल्या ओळखीची आहे! पुढे मेक्सिकोत स्पॅनिशांनी मिश्र वंशाच्या लोकांना 'कास्ता' म्हटले आणि १८व्या शतकात कोणाचे मूल कोणत्या दर्जाचे हे दाखवणाऱ्या चित्रमालिकाच रंगवल्या. एका ठिकाणी शुद्ध वंशाचा अभिमान, दुसरीकडे मिश्र वंशाचा शिक्का, पण शब्द तोच.

गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या वैद्याचे औषधी वनस्पतींवरचे पुस्तक छापले गेले. त्यात तो नोंदवतो की, इथे कोणी बापाचा धंदा सोडत नाही आणि चपला-जोडे करणारे सगळे एकाच कास्ताचे असतात. हा गार्सिया स्वतः जबरदस्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यू कुटुंबातला होता. त्याच्या मृत्यूनंतर बहिणीला इन्क्विझिशनने जाळले आणि १५८० साली त्याची हाडेही उकरून जाळली. इथला कास्ता टिपणारा माणूस तिथल्या कास्ताचा बळी ठरला. १५६७ साली गोव्याच्या धर्मपरिषदेनेही नोंद केली की, इथल्या हिंदूंत वरच्या कास्ताचा माणूस खालच्याबरोबर खातपीत नाही. चर्चने ते अंधश्रद्धेत मोजले. पण गोव्यातल्या ख्रिस्ती बामण, चारडो आणि सुदीर यांच्यातला भेद चर्चच्या दारात थांबला नाही, हेही खरे.

आता मुख्य प्रश्न. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ साली. त्याआधी काय होते? पाचव्या शतकाच्या सुरुवातीला आलेला चिनी भिक्खू फाहियान लिहितो की, चांडाळ गावाबाहेर राहतात आणि नगरात शिरताना लाकूड वाजवून आपली चाहूल देतात. चोखोबा १४व्या शतकातले. त्यांची समाधी विठोबाच्या दाराबाहेर आहे, आणि त्यांना बाहेर ठेवणाऱ्यांना पोर्तुगीजांचे नावही ठाऊक नव्हते. त्याच्याही कितीतरी आधी बुद्धाने शाक्य राजपुत्रांच्या अगोदर उपाली न्हाव्याला प्रव्रज्या दिली, राजपुत्रांनी त्याला वंदन करावे म्हणून. जात नव्हती तर हा क्रम कशासाठी?

इंग्रजांनी काहीच केले नाही, असे नाही. १९०१च्या जनगणनेत रिस्लेने जातींची उतरंड लावली, लोकांची नाके मोजली, आणि वरचा नंबर मिळवण्यासाठी जातीजातींचे अर्ज गेले. पण वरचा नंबर हवासा वाटण्याइतकी उतरंड आधीच लोकांच्या डोक्यात होती. नाके मोजून जात ठरत नाही, हे बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये त्याच मोजमापांचा आधार घेऊन दाखवले.

बाबासाहेब शब्दाच्या मुळाशी अडकले नाहीत. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या २५व्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात निबंध वाचताना त्यांनी विचारले की ही यंत्रणा चालते कशी. उत्तर होते जातीतल्या जातीत लग्न. जात म्हणजे दारे बंद केलेला वर्ग. ही दारे कोणी लावली? त्यांनी बोट ठेवले पुरोहित वर्गावर. त्यात लिस्बन नाही, लंडनही नाही. आणि मराठीत आपल्या पाक्षिकाला १९२७ साली नाव दिले 'बहिष्कृत भारत'. 'बहिष्कृत' म्हणजे बाहेर टाकलेला. इंग्रजीतल्या 'ई' नसलेल्या 'आउटकास्ट'चा अर्थ नेमका हाच, फेकलेला. फेकलेला म्हटले की फेकणारा कोण, हा प्रश्न आलाच.

म्हणून परदेशात हा शब्द कायद्यात येऊ नये यासाठी एवढी धडपड चालते. २००१च्या डर्बन परिषदेत जातीचा विषय येऊ नये म्हणून भारत सरकारने जोर लावला. तिथली तडजोडीची भाषा होती 'काम आणि वंश'. २०२३च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात 'कास्ट' घातला. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी तसेच विधेयक नाकारले. जातीय भेदभावाला सध्याच्या कायद्यांतच बंदी असल्याने नवा कायदा अनावश्यक आहे, हे त्यांचे कारण. विधेयकाला विरोध करणाऱ्यांपैकी कोणी मात्र असे म्हटले नाही की, आम्ही उद्यापासून मुलामुलींची लग्ने जातीबाहेर करतो.