दोन गांवांमधला उतार

नकाशा आणि होकायंत्र हातीं घेऊन अनोळखी अरण्यांतून वाट काढीत धांवण्याचा एक खेळ स्वीडन, नॉर्वे वगैरे देशांत फार लोकप्रिय आहे. त्या खेळासाठीं रान निवडणारे जाणते लोक नुसत्या झाडीच्या शोभेवर भुलत नाहींत. तेथील जमीन माणसाशीं बोलते कीं नाहीं, हें ते पाहतात. टेकाड, घळ, पाणथळ, एखादा मोठा धोंडा अशा खुणा जागोजाग असल्या म्हणजे रान चांगलें. सपाट आणि एकसारख्या रानांत हुशार माणूसहि आंधळा होतो.

१९८१ सालीं निराळा झालेल्या जालना जिल्ह्यांत असलें रान शोधूं गेल्यास निराशाच पदरीं येईल. वनाची जमीन तेथें फार थोडी. परंतु जमिनीच्या खुणा वाचण्याची एक परीक्षा त्या मुलखांत एके दुपारीं झाली, आणि तिच्या निकालानें दक्षिणेंतील सत्तेचें पारडें फिरलें. ही परीक्षा म्हणजे भोकरदन तालुक्यांतील असईची २३ सप्टेंबर १८०३ ची लढाई.

परीक्षेस बसला होता आर्थर वेलस्ली, वय ३४, पुढें वेलिंग्टनचा ड्यूक झाला तोच. यापूर्वी या विषयांत तो सपशेल नापास झाला होता. १७९९ च्या एप्रिलांत श्रीरंगपट्टणापुढें सुलतानपेठच्या राईंत त्यानें काळोख्या रात्रीं सैन्य घातलें. दाट झाडी, मधून पाण्याचे पाट, आंत दबा धरून बसलेले टिपूचे शिपाई! तुकड्या फुटल्या, वाट चुकली, आणि गुडघ्यावर मार खाऊन तो परत आला. आदल्या रात्रीं तीच राई पाहून परतणारी दुसरी एक तुकडी उलट्या दिशेनें चालली होती. लॅम्ब्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें तारे पाहून ती चूक ओळखली. हाच लॅम्ब्टन १८०२ सालीं मद्रासेस हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी आरंभणारा आणि १८२३ सालीं आपल्या हिंगणघाटास वारलेला. वेलस्लीनें मात्र तेव्हांपासून नेम केला कीं, दिवसां पाहिल्यावांचून कोणत्याहि ठाण्यावर रात्रीं चालून जावयाचें नाहीं.

१८०३ च्या ऑगस्टांत अहमदनगरचा किल्ला घेऊन तो निजामाच्या मुलखांत उतरला. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा अजिंठ्याचा घाट ओलांडून आल्या होत्या. २१ सप्टेंबरला बदनापुरास वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची भेट झाली. डोंगराच्या दोन बाजूंनीं जाऊन २४ तारखेस दोघांनीं मिळून हल्ला करावा असें ठरलें. पण २३ तारखेसच नौलनीच्या तळाजवळ कळलें कीं, मराठी फौज अवघ्या तीन कोसांवर आहे.

वेलस्ली पुढें जाऊन पाहतो, तों केळणा नदीपलीकडे कोसच्या कोस पसरलेलें सैन्य. पोलमन नांवाच्या हॅनोव्हरकर सरदाराच्या हाताखालीं कवायती पायदळ दहा हजारांवर, तोफा शंभराच्या घरांत, आणि घोडेस्वार तर अपरंपार. त्याच्याजवळ कवायती शिपाई साडेचार हजारांच्या आसपास. समोरचा उतार मराठ्यांच्या माऱ्याखालीं होता. त्यांच्या डाव्या बगलेपलीकडे दुसरा उतार आहे काय, असें वाटाड्यांस विचारलें. नाहीं, म्हणाले.

तेव्हां त्याची नजर दोन गांवांवर गेली. नदीच्या एका काठीं पिंपळगांव, आणि जवळजवळ समोरच दुसऱ्या काठीं वरूड. त्याचा तर्क असा कीं, जाण्यायेण्याची नित्याची सोय असल्याशिवाय माणसें नदीच्या दोन काठांना इतकीं जवळ गांवें वसवीत नाहींत. तेथें नाव असेल किंवा उतार असेल. अधिकारी पाठवून खात्री केली. उतार होता.

श्रोत्यांपैकीं कोणी खेड्यांत वाढले असतील तर त्यांना या तर्काचें हंसूं येईल. समोरासमोरच्या गांवांत सोयरिकी असतात, बाजारहाट असतो, चुकार गुरूं पलीकडच्या शिवारांत शिरलेलें असतें. मग वाटाड्यांनीं नाहीं कां म्हणावें? लांबचे असतील तर ठाऊक नसेल; जवळचे असतील, तर उभ्या पिकांतून तोफा न्या असें कोण म्हणेल? मला दुसरेंच संभवनीय वाटतें.

खरें नवल निराळेंच आहे. तो उतार मराठ्यांनीं मोकळा सोडला. याच मुलखांत पाऊणशें वर्षांपूर्वीं, १७२७ च्या अखेरीस, पहिल्या बाजीरावानें जालना-सिंदखेडचा प्रांत लुटून निजामाला आपल्यामागें धांवावयास लावलें. आणि १७२८ च्या फेब्रुवारींत पालखेडपाशीं, जड तोफखाना मागें टाकून आलेल्या निजामाला पाण्यावांचून कोंडलें. पाणी कोठें, वाट कोठें, हें ज्ञानच त्या हलक्या फौजेचें मोठें हत्यार होतें. १८०३ सालीं कवायत आली, उत्तम तोफा आल्या. पण तोफा जेथें, तेथें फौज बसून राहिली. गुराख्याच्या पोराला ठाऊक असणारी वाट सेनापतीच्या हिशेबांतून निसटली.

मात्र वेलस्लीचें वाचनहि अर्धेंच बरोबर निघालें. केळणा आणि तिच्या उत्तरेची जुई यांमधली जमिनीची पट्टी चिंचोळी. तेथें बगलेवर पडल्यास एवढ्या फौजेला तोंड फिरवितां येणार नाहीं, असें तो धरून चालला होता. पोलमनच्या पलटणींनीं मोठ्या सफाईनें तोंड फिरविलें आणि केळणेपासून असईपर्यंत नवी फळी धरली. वेलस्लीच्या उजव्या हाताच्या ऑरॉक नांवाच्या अधिकाऱ्यास असई गांव टाळावयाचें होतें; तो नेमका गांवाच्याच रोखानें गेला, आणि त्याच्यामागोमाग ७४ वी हायलंडर पलटण तोफांच्या तोंडीं सांपडून जवळजवळ नष्ट झाली. सुलतानपेठेस निदान रात्र होती, झाडी होती. येथें लख्ख उजेड आणि मोकळें रान!

सायंकाळीं मैदान वेलस्लीचें झालें. ९८ तोफा त्याच्या हातीं आल्या. त्याच्या बाजूचे मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून १,५८४ भरले. वाटर्लू जिंकल्यानंतरहि, रणांगणावरील तुमची सर्वांत सरस कामगिरी कोणती, या प्रश्नास तो असईचेंच नांव घेई, असें सांगतात. त्या वर्षाच्या ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगांवचा तह झाला, आणि अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील शिंद्यांचा बहुतेक मुलूख त्यांच्या हातून गेला.