स्वीडनमधील प्रारण चिकित्सा व तिचे शिक्षण

स्टॉकहोम येथे १८९९ मध्ये तागे शेग्रेन व थॉर स्टेनबेक यांनी क्ष-किरणांनी त्वचेचा कर्करोग बरा केला. १९१० मध्ये योस्ता फोर्सेल यांच्या पुढाकाराने तेथे ‘राडियमहेमेट’ (रेडियमगृह) हे रुग्णालय निघाले. लोकसंख्या थोडी आणि रेडियम अतिशय महाग, त्यामुळे उपचार मोजक्या केंद्रांत एकवटण्यात आले. हा निर्णय कोणत्याही उपकरणाहून महत्त्वाचा मानावा लागेल. त्यामुळेच रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवता आल्या.

गर्भाशय-ग्रीवेचा कर्करोग पसरल्यावर शस्त्रक्रिया करता येत नसे. अशा स्त्रियांसाठी ‘स्टॉकहोम पद्धती’ बसविण्यात आली. तीत रेडियम सुमारे एक दिवस आत ठेवून काढीत व काही आठवड्यांत पुन्हा ठेवीत. जेम्स हेमान यांनी परिणाम मांडताना निवडक रुग्ण न घेता आलेले सर्व रुग्ण हिशेबात धरले आणि पाच वर्षे जगणे ही कसोटी लावली.

सुरुवातीस किरणांची मात्रा त्वचेच्या लालीवरून ठरवीत. रॉल्फ सीव्हर्ट या भौतिकीविज्ञांनी मापनास शास्त्रीय बैठक दिली. १९७९ मध्ये प्रारण-मात्रेच्या एककास त्यांचे नाव देण्यात आले. १९२८ मध्ये राजे पाचवे गुस्ताव यांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त जमलेल्या निधीतून स्टॉकहोम, गॉथेनबर्ग व लुंड येथील केंद्रांना बळ मिळाले. परदेशी वैद्यही राडियमहेमेटमध्ये शिकावयास येत.