कोपींतलें तान्हें आणि औषधाची धार

दसरा-दिवाळी उलटली कीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणारीं कुटुंबें साखरकारखान्यांकडे निघतात. कांहीं बालकें फडाजवळच्या कोपींतच जन्मास येतात. अशा तान्ह्याच्या रक्तांत जंतू शिरले, तर तें दूध सोडतें, त्याचें रडणें क्षीण होतें, अंग गार पडतें. आणि दवाखाना दूर असला, तर बहुधा फार उशीर होतो.

श्रोतेहो, यावरील एक उपाय महाराष्ट्रांतच सिद्ध झाला. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९९५ पासून ३९ गांवांतील स्त्रियांना हीं लक्षणें ओळखण्यास, बाळास ऊब देण्यास व जेंटामायसिनची सुई टोचण्यास शिकविलें. पूर्वीं तेथें हजारीं ६२ नवजात अर्भकें दगावत. १९९८ पर्यंत हा आंकडा सुमारें २५ वर आला.

परंतु औषधाची धार बोथट होते. अपुऱ्या मात्रेनें जंतू मरत नाहींत, उलट औषधास सरावतात, असा इशारा पेनिसिलीनचे शोधक फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानांतच दिला होता. पुढें २०११ ते २०१४ या काळांत दिल्लींतील तीन रुग्णालयांत पाहणी झाली. आजारी अर्भकांत सांपडलेल्या अ‍ॅसिनेटोबॅक्टर जंतूंपैकीं ८२ टक्के अनेक औषधांना दाद देत नव्हते!

साध्या पडशासाठीं प्रतिजैविक मागणारें शहरांतील घर ही धार बोथट करण्यास हातभारच लावतें. औषधाचा हा ठेवा सर्वांचा सामाईक आहे. तो उधळला, तर पहिली झळ कोपींतल्या तान्ह्यास लागेल.